हाकेला ओ देणारी जागा

घाटकोपरच्या आमच्या कारखान्यातला तो फिटर दर रविवारी जागा बघायला निघायचा आणि मलाही ओढून न्यायचा. सत्तर सालच्या आसपास उपनगरांत नव्या इमारती भराभर उठत होत्या. "दर काय ता इचारू नको," तो आधीच बजावायचा. "पैशे आसत, असा समज. आधी जागा पसंत पडाक व्हयी."

नळ, मोरी, फरशी यांकडे तो ढुंकूनही बघत नसे. चपला दाराबाहेर काढून सरळ गॅलरीत जायचा आणि मालवणी गळा मोकळा सोडायचा, "वयनीनू, चाय टाकलास काय?" मग कठडा धरून वाट बघायचा. समोर राहायला आलेल्यांपैकी कुणीतरी फटकन खिडकी लावून घ्यायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "हयसर माणूस मरान पडलो तरी कळाचा नाय," म्हणत तो चपला चढवायचा. अंधेरी, मुलुंड, सगळं असंच बाद झालं.

बोरीवलीत तिसऱ्या मजल्यावर मात्र उत्तर आलं. "टाकलंय! येवा!" आवाज बाईचा होता, आणि इमारतीमागच्या पत्र्याच्या बैठ्या चाळीतून आला होता.

तो धडाधड जिने उतरला. खाली बिल्डरच्या माणसानं विचारलं, "साहेब, ब्लॉक पसंत आहे ना?"

"झकास आसा," तो न थांबता म्हणाला. "गॅलरीतसून ती चाळ बरोबर दिसता."

आणि चाळीत त्या बाईनं पुढे केलेली बशी तोंडाला लावण्याआधीच त्यानं विचारलं, "वयनीनू, हयसर खोली मिळात काय?"