हेडफोन, लॅपटॉप आणि वैजापूरचा कांदा

मुलाखतीला पाऊण तास उरला होता, आणि नवऱ्याचा बिनतारी हेडफोन माझ्या लॅपटॉपशी बोलायला तयार नव्हता.

चितेगावच्या एका कारखान्यात मी स्टोअरला आहे, एकोणीस वर्षं. स्टोअर इन्चार्जची जागा निघाली आणि मी अर्ज टाकला. मुख्य कार्यालयातली माणसं पुण्याहून लॅपटॉपवर मुलाखत घेणार असं कळलं, तसे आमचे साहेब माझ्या टेबलापाशी आले. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, शर्ट नेहमी इस्त्रीचा.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका. माझ्या केबिनमध्ये बसा. मी सगळं जोडून देतो आणि शेजारीच बसतो."

शेजारीच बसतो, यात सगळं आलं. आमच्याकडे कुठलीही मीटिंग असो, मी तोंड उघडलं की साहेब हात वर करतात आणि सुरू होतात, "मॅडमना असं म्हणायचंय की…" मग दहा मिनिटं मला काय म्हणायचंय ते मीही मन लावून ऐकते. बऱ्याचदा ते माझ्या म्हणण्यापेक्षा बरंच लांब असतं आणि शेवटी साहेबांच्याच नावावर जमा होतं.

म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मुलाखत घरून देणार, स्वतः जोडणार, स्वतः बोलणार. शेजारी कोणी नको.

आता आमचं घर क्रांती चौकाच्या इतकं जवळ आहे, की चौकातलं भाषण आम्हाला स्वयंपाकघरात बसून तोंडपाठ होतं. त्या दिवशीही सकाळपासून कोणाच्या तरी मागण्या कर्ण्यावर चालू होत्या. खिडक्या लावल्या तरी लॅपटॉपचा चिरका आवाज ऐकू येईना. तारेचा हेडफोन घालायचं भोक कधीच निकामी झालेलं. उरला नवऱ्याचा बिनतारी. तो मी कानावर चढवला, बटण दाबलं, आणि कानात एक बाई गोड आवाजात म्हणाली, "कनेक्टेड."

मी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं नाटकात पडदा पडायच्या आधी नायिका पाहते. पदर सावरला. तेवढ्यात कानात एक पुरुषी आवाज आला, "नमस्कार मंडळी."

वेळेआधीच आले म्हणायचे. मी ताठ बसून म्हटलं, "नमस्कार साहेब, माझा आवाज येतोय का?"

"आज आपण वैजापूर मार्केटला आलेलो आहोत," साहेब म्हणाले. "लाल कांद्याची आवक चांगली आहे."

मी कांद्याचा भाव पूर्ण ऐकून घेतला. मुलाखतीची ही काही नवी पद्धत असेल, उमेदवाराचं लक्ष कुठवर टिकतं ते बघत असतील, असंही एक क्षण वाटून गेलं. मग स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला नवरा आपला फोन हलवत म्हणाला, "माझा व्हिडिओ चालू होता, त्याचा आवाज कुठं गेला?"

दिराचा कांदा वैजापूरला जायचा होता, म्हणून नवरा रोज भाव बघायचा. आणि हेडफोन लॅपटॉपला नव्हे, त्याच्या फोनला जाऊन चिकटला होता.

मी हेडफोन बंद केला, चालू केला. पुन्हा कांदा. लॅपटॉपवरच्या यादीत हेडफोनचं नाव दिसत होतं. त्यावर बोट ठेवलं की चक्र गरगर फिरायचं आणि खाली यायचं, जोडता आलं नाही. सहा वेळा तेच.

"अगं, तुमच्या साहेबाला फोन लाव ना," नवरा म्हणाला. "दोन मिनिटात सांगतील."

"दोन मिनिटात सांगतील आणि विसाव्या मिनिटाला दारात उभे राहतील. नाही लावणार."

"मग मुलाखत बुडंल."

"बुडू द्या. पण बुडवीन मीच."

सासूबाई पलंगावर बसून हा तमाशा पाहत होत्या. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. आता गुडघे चालत नाहीत म्हणून आमच्याकडं असतात, पण कुठल्याही भांडणात पंचाची खुर्ची त्यांचीच.

"त्या कानातल्याला कुणाची सवय हाय?" त्यांनी विचारलं.

"ह्यांच्या फोनची, आत्याबाई."

"मग ते तुझ्याकडं कशाला येतंय? एका मेंढीचं पिल्लू दुसरीला प्यायला लावायचं आसंल तर आधी पहिलीच्या नजरंआड न्यावं लागतं. तिची हाक कानावर आली की ते पळालंच तिकडं. पहिलीपासनं तोडायचं, मग नवीसंगं एका जाळीत कोंडायचं. लई वेळ नाय लागत."

"आई, हे मशीन आहे," नवरा म्हणाला.

"व्हय, ते दिसतंय. पर पळतंय पिल्लावानीच."

मी नवऱ्यापुढे हात पसरला. "फोन द्या."

फोनच्या सेटिंगमध्ये हेडफोनच्या नावापुढे एक ओळ होती, डिव्हाइस विसरा. इतके दिवस ती मी बघितली नव्हती. नवऱ्याचा चेहरा पडला.

"अगं, मला परत जोडता यायचं नाही. ते चौकातल्या दुकानदारानं जोडून दिलंय."

"मी देईन जोडून. आता मला येतं."

येत नव्हतं. पण मी 'विसरा' दाबलं. फोन बंद करून सासूबाईंच्या उशाखाली सरकवला. मग हेडफोनचं बटण दाबून धरलं, लाल-निळा दिवा लुकलुकेपर्यंत, आणि तो लॅपटॉपला टेकवून बसले, दोघांना एका जाळीत कोंडल्यासारखी. यादीतल्या नावावर बोट ठेवलं. चक्र फिरलं आणि थांबलं.

"कनेक्टेड," बाई म्हणाली. या वेळी मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. लॅपटॉपवर एक व्हिडिओ लावून पाहिला. कांदा नव्हता.

"प्यायलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"प्यायलं."

मुलाखत वेळेवर सुरू झाली. पडद्यावर तीन चौकोन, दोन साहेब आणि एक मॅडम. पहिला प्रश्न आला, रेकॉर्डवरचा माल आणि प्रत्यक्षातला माल जुळला नाही तर काय कराल? मी श्वास घेतला, तेवढ्यात चौथा चौकोन उघडला. त्यात इस्त्रीचा शर्ट. मुलाखतीची लिंक मला आमच्या साहेबांकडूनच आली होती.

"सर, मी मॅडमना सपोर्ट म्हणून जॉइन झालोय. मॅडमना असं म्हणायचंय की…"

आणि ते सुरू झाले. कानात इतकं स्पष्ट ऐकू येत होतं, जणू माझ्या शेजारीच बसलेत. आता गप्प बसले तर पुढची एकोणीस वर्षंही तशीच जाणार होती.

"साहेब, एक मिनिट," मी म्हटलं. मग बाकीच्या तिघांना विचारलं, "माझा आवाज येतोय ना सगळ्यांना?"

"स्वच्छ येतोय," पुण्याच्या मॅडम म्हणाल्या.

"मग प्रश्न मला विचारलाय, उत्तर मी देते. साहेब, तुम्ही माइक बंद करा."

चौथ्या चौकोनातल्या माइकच्या चित्रावर लाल रेघ आली.

मी सांगितलं, माल जुळला नाही की आधी मी कोणाला धरत नाही, रॅकपाशी जाते. आमच्याकडे सांध्यात बसवायचे दोन प्रकारचे रबरी गॅस्केट दिसायला सारखे, नुसता हात लावून फरक कळतो. ते शेजारशेजारच्या ट्रेमध्ये ठेवायचे, म्हणून हिशेब चुकायचा. मी एक ट्रे दुसऱ्या भिंतीला नेला आणि तो प्रश्न संपला. "मागच्या वर्षीच्या अहवालात ही सुधारणा दुसऱ्याच्या नावावर गेलीय," मी म्हटलं. "ती माझी आहे. ट्रे मी उचललाय."

चौथा चौकोन खाली काहीतरी शोधत होता.

पद मिळालं का, हे सगळे विचारतात. मिळालं. पण मी लोकांना सांगते ती गोष्ट त्याच्या आधीची आहे. ठरलेली वीस मिनिटं संपली आणि पुण्याचे साहेब म्हणाले, "धन्यवाद मॅडम, आमचं झालं."

"सर, माझं अजून दुसऱ्या शेडमधल्या मालाचं राहिलंय," मी म्हटलं.

त्यांनी घड्याळ पाहिलं. शेजारच्या चौकोनातल्या मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "सांगा."

मी आणखी पंचवीस मिनिटं बोलले.