ऑफ तासाची वही

फोन वैद्य बाईंच्या लेकीचा होता. "मावशी, आई गेली... सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागी..." मला आजकाल कमी ऐकू येतं, म्हणून तिला ते तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगताना पोरगी हमसून रडायला लागली आणि मला माझीच लाज वाटली. त्याला आता दीड महिना होईल.

कसब्यातल्या आमच्या शाळेत वैद्य बाई मराठी शिकवायच्या आणि मी गणित. बावीस वर्षं एका शिक्षकखोलीत बसलो, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, पण शेवटपर्यंत त्या मला 'अहो जगताप बाई' म्हणत आणि मी त्यांना 'अहो वैद्य बाई'. आवाज काय होता हो त्यांचा! त्या कविता म्हणायला लागल्या की शेजारच्या वर्गातली माझी भूमिती बंद पडायची. मुलं म्हणायची, "बाई, ऐकू द्या ना." मी डस्टर आपटायचे, पण ऐकायचे मीसुद्धा.

पुढे मी पर्यवेक्षिका झाले आणि ऑफ तासाची वही माझ्या हाती आली. कुणी शिक्षक गैरहजर असला की त्याचा तास दुसऱ्या कुणाच्या तरी मोकळ्या तासावर टाकायचा, वहीत तसं लिहायचं, आणि शिपाई मावशींनी ती वही त्या शिक्षकाकडे न्यायची. त्यांनी 'वाचले' असं लिहून खाली सही करायची, अशी पद्धत. मावशी दारावरून तशाच पुढे गेल्या की वैद्य बाई छातीला हात लावून म्हणत, "वाचले गं बाई!" आणि दारात थांबल्या, तर म्हणत, "घ्या! आता न वाचता लिहा, वाचले." रोजचाच विनोद, पण आम्ही रोज हसायचो.

तेव्हाची शाळा म्हणजे... काय सांगू! पेठेतली बिऱ्हाडं कोथरूडला गेली. ज्याला त्याला आपलं पोर इंग्रजीत शिकून कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसलेलं हवं होतं. आमच्या तुकड्या एकेक करून बंद पडायला लागल्या. तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरणार, म्हणून कुणी तोंड उघडत नव्हतं. नववीच्या दोन तुकड्यांची एक केली, बाकावर चौघंचौघं कोंबली. मागे मोबाइल वाजायचे, आणि काढून घेतला तर दुसऱ्या दिवशी बाप येऊन आम्हालाच सुनवायचा. वर जनगणना, मतदारयाद्या, कसले कसले तक्ते. शिकवायचं कधी, हे विचारायची सोय नव्हती.

त्या वर्षी वैद्य बाईंचा घसा बसला तो उठेचना. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रावर गाठी आहेत, महिनाभर मौन पाळा. रजेचा अर्ज मुख्याध्यापकांनी परत केला. "बाई, इथे कुणाचा घसा धड आहे?" असं म्हणून त्यांनी घंटी वाजवली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. मी शेजारीच उभी होते, एक शब्द बोलले नाही. बाहेर आल्यावर मात्र तोऱ्यात सांगितलं, "महिनाभर तुम्हाला एकही ऑफ तास नाही. माझा शब्द!" त्या नुसत्या हसल्या. स्वतःच्या तासांना फळ्यावर लिहून लिहून शिकवू लागल्या.

नवव्या दिवशी दोन शिक्षक मतदारयाद्यांच्या कामाला गेले. नववीवर धाडलेली नवी शिक्षिका पंधरा मिनिटांत रडत बाहेर आली, पोरांनी तिच्या साडीवर शाई उडवली होती. मोकळ्या होत्या फक्त वैद्य बाई. आणि मी होते, पण माझ्यापुढे तपासणीचे कागद होते. कागद! मी वहीत त्यांचं नाव घातलं. वही परत आली, ती 'वाचले नाही' एवढंच लिहून. सही नव्हती. मला हसू आलं आणि थोडा रागही आला. म्हटलं, या बाईंना अशा वेळीही कोट्या सुचतात! खाली लाल पेनाने लिहिलं, 'मग वाचा', आणि वही परत धाडली.

त्या गेल्या. फळ्यापाशी उभ्या होत्या म्हणे, गप्प. दोन पोरं मारामारी करता करता खिडकीच्या कठड्यावर चढली. तिसरा मजला! बाई ओरडल्या. ती हाक मला खाली ऑफिसात ऐकू आली. पोरं सुखरूप उतरली, पण बाईंचा आवाज त्या हाकेबरोबर गेला तो गेलाच. शस्त्रक्रियेनंतर उरली नुसती कुजबुज. वर्षभराने त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

गेल्या दिवाळीत मी कोथरूडला त्यांच्याकडे गेले, बोलायचंच असं ठरवून. "वैद्य बाई, त्या दिवशी मी चुकले," एवढं म्हणाले आणि मला रडूच कोसळलं. त्या माझा हात धरून बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा म्हणायचा धीर झाला नाही, त्यांच्या घशाला त्रास नको म्हणून. मी आपली 'हो, हो' म्हणत राहिले. माफ केलं की चार शब्द सुनावले, देव जाणे.

शाळेची रद्दी निघाली तेव्हा ती वही मी घरी आणली होती. परवा कपाटातून काढली. पानोपानी त्यांच्या वळणदार अक्षरातलं 'वाचले'. मग ते पान आलं. इतकी वर्षं त्या शब्दावर हसत आले होते, म्हणून त्या दिवशीही हसले होते. कोटी नव्हती ती... बोलता येत नव्हतं म्हणून बाई लिहून सांगत होत्या.

त्याखाली माझ्या लाल अक्षरात 'मग वाचा' आहे. आणि त्याच्याखाली त्यांची सही. नुसती सही. 'वाचले' असं त्यांनी त्या दिवशी लिहिलेलं नाही.