निवांत रस्त्याने गेलेलं वऱ्हाड

मी आजवर फक्त एकच वऱ्हाड हरवलं आहे. पण ते आमच्याच घरचं होतं.

मी मूळचा हिंगोलीकडचा. आठवीत मी शाळा सोडली की शाळेनं मला सोडलं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पोटासाठी मुळशीत आलो. कासार आंबोलीत अण्णांनी भाड्यानं खोली दिली आणि काकींनी पहिल्याच दिवशी पिठलं-भाकरी वाढली. मी दोघांना हात जोडले, ते आजतागायत जोडलेलेच आहेत! कुणी पाणी दिलं तरी जोडतो, कुणी रस्ता दिला तरी जोडतो. (एकदा एटीएममधून पहिल्या झटक्यात पैसे आले, तेव्हा त्यालाही जोडले.) परमुलखात माणसाला सारखी धास्ती असते. आपल्या हातून काही चुकलं, तर सगळे मिळून म्हणतील, 'जा बाबा आपल्या गावाला!'

तर, अण्णांच्या सुवर्णाचं लग्न ठरलं. मुलगा जुन्नरकडचा. लग्न दारातच, मांडव घालून. इकडं मुळशीत लग्न असलं की मोठ्या रस्त्यापासून मांडवापर्यंत डांबरावर बाण काढतात. फोनवर ठिकाण पाठवलं तरी बाण लागतोच. ड्रायव्हर लोकांचा फोनपेक्षा चुन्यावर जास्त विश्वास.

"मारुती, बाणांचं काम तुझ्याकडं," अण्णा म्हणाले. "पाव्हणं नवं हायेत. रविवारी बारा-पाचचा मुहूर्त हाय, टळता कामा न्हाई. तू आता घरचाच हायेस."

घरचाच! दहा वर्षं मी या शब्दाची वाट बघत होतो. डोळ्यांत पाणी आलं. हात अर्थातच जोडले.

आणि त्याच दुपारी साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे हिंजवडीत कॉम्प्युटरवर असतात ते. त्यांच्या सुट्टीच्या बंगल्याची मी देखभाल करतो. मी वापरतो ती सायकलही त्यांचीच, जुनी झाली म्हणून मला दिलेली. म्हणजे उपकार नंबर दोन.

"मारुती, रविवारी आमचा सायकल ग्रुप येतोय. नाश्ता करून निघू. असा रूट हवा की ट्रॅफिक झीरो! नो ट्रक, नो डंपर, नो हॉर्न. आणि खुणा करून ठेव, वर नेटवर्क नसतं."

असा रस्ता मला ठाऊक होता. शेतांमधून निघतो, ओढ्याच्या फरशीवरून जातो, टेकडी चढतो आणि वर एका प्लॉटिंगच्या गेटापाशी संपतो. टपरी नाही, घर नाही, माणूस नाही. कुत्रंसुद्धा कंटाळून खाली उतरतं. इतका निवांत रस्ता अख्ख्या तालुक्यात सापडणार नाही!

अडचण एवढीच, की तो आणि मांडवाचा रस्ता एकाच तिठ्यावरून फुटतात. डावीकडे निवांत रस्ता, उजवीकडे लग्न.

पण मी विचार केला. (इथून वाचकांनी सावध व्हावं.) सायकलींना पांढरे बाण काढायचे आणि लग्नाला पिवळे, म्हणजे शुभही आणि वेगळेही. शनिवारच्या हळदीतली हळद उरली होती. ती मी चुन्याच्या बादलीत ओतली आणि काठीनं ढवळली.

बादली लालभडक झाली.

हळदीत चुना पडला की लाल होतं, हे बहुतेक नववीत शिकवत असावेत.

म्हटलं, लाल तर लाल! लालही शुभच. तिठ्यापासून मांडवापर्यंत सात लाल बाण ओढले, डावीकडे पांढरे ओढले आणि समाधानानं झोपलो.

रविवारी साडेअकरा वाजले तरी वऱ्हाडाचा पत्ता नाही. फोन लावला की 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. सुवर्णा नटून बसलेली, गुरुजी घड्याळाकडे बघतायत आणि अण्णा माझ्याकडे.

"बाण नीट काढलंस न्हवं?"

"एकदम नीट, अण्णा! लाल!"

हे ऐकून काकींनी हातातलं ओवाळायचं ताट खाली ठेवलं. त्यांनी मला मांडवाच्या मागे ओढलं.

"मुडद्या, ते तू काढलं व्हतंस?"

"काय झालं काकी?"

"आरं, पहाटं देवाला निवद घेऊन गेले, तर तिठ्यावर लाल फराटं! पोरीच्या लग्नादिवशी! मला वाटलं, कुनीतरी करणी केली. मी आन् शेजारची पारू, दोघींनी मिळून शेणाच्या पाण्यानं सातच्या सात पुसून काढलं!"

"मला सांगायचं तरी!"

"असलं बोलून दाखवत न्हाईत! आन् लाल कसं झालं रं?"

"हळदीत चुना मिसळला."

"त्याचंच तर कुंकू करत्यात, येड्या!"

"मग तुम्ही ओळखलं कसं नाही?"

"कुंकू कपाळाला लावत्यात! डांबराला कोन लावतंय?" मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "हे बघ, मी पुसलं म्हून ह्यांला सांगू नगं."

त्या पहिल्या दिवशीच्या पिठल्याला स्मरून मी हात जोडले. (काकी, मी आजही बोललेलो नाही. हे छापून येणार आहे, पण अण्णा वाचत कुठं काय!)

आता तिठ्यावर बाण उरले होते ते फक्त पांढरे. मी सायकल काढली आणि टेकडीकडे सुटलो. जाताना एकेक गोष्ट उमगत गेली. रस्ता मी असा निवडला होता की वाटेत विचारायला कुणी भेटू नये. फोन लागू नये. दोन बसना वळायला जागा मिळू नये. वऱ्हाड हरवायला याहून चांगला रस्ता सरकारनंसुद्धा बांधला नसता!

निम्म्या चढावरच बँड ऐकू आला.

वर प्लॉटिंगचं गेट आहे. भलीमोठी कमान, दोन बाजूंना सिमेंटचे हत्ती, आत नुसतं गवत. वऱ्हाडाला वाटलं, लग्न इथंच! बँडवाले हत्तींसमोर वाजवत होते. फेटा बांधलेला नवरदेव कमानीखाली उभा होता, कुणीतरी ओवाळायला येईल म्हणून. आणि या सगळ्यांच्या मधोमध, चड्डी-हेल्मेटातले साहेब आणि त्यांची सहा सायकलवाली मंडळी.

"मारुती!" साहेब ओरडले. "झीरो ट्रॅफिक म्हणाला होतास ना? आमच्या मागे बँड लागलाय!"

"तुमी मुलीकडचं व्हय?" नवरदेवाच्या मामांनी मला गाठलं. "तासभर झाला! पाणी न्हाई का पाट न्हाई! ही चड्डीवाली मानसं तेवढी भेटली, आमाला वाटलं आचारी हायेत!"

मी सगळ्यांना हात जोडले. हत्तींनाही.

वीस मिनिटं उरली होती. एका बसचं चाक चरीत उतरलं होतं आणि दुसरी तिच्या मागे अडकलेली. तेव्हा साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"नवरदेवाला सायकल येते का?"

"यत्ती की!" नवरदेव इतक्या आनंदानं म्हणाला, जणू लग्न त्यासाठीच ठरवलं होतं.

"पण हेल्मेटशिवाय नाही हं! आमच्या ग्रुपचा रूल आहे."

हेल्मेट फेट्यावर बसेना. मग फेटा उतरवला. तो धरायचा कुठं, हा प्रश्न आला. साहेबांनी आपलं हेल्मेट नवरदेवाला दिलं आणि फेटा स्वतःच्या डोक्यावर चढवला. तिथं ग्रुपचा रूल कुणालाच आठवला नाही.

उतार होता. साहेब पुढं, मागे ग्रुपमधल्या एकाच्या सायकलवर मुंडावळ्या उडवत नवरदेव आणि सगळ्यांत शेवटी मी, कारण माझे ब्रेक लागत नव्हते आणि मी पाय घासत येत होतो. पोचलो, तर मांडवाच्या दारात वेगळंच चाललेलं! फेटा बघून काकींनी साहेबांनाच ओवाळलं होतं. कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता, तोंडात पेढा! साहेब चड्डीवर उभे राहून "थँक यू, थँक यू" म्हणत होते.

आणि हेल्मेटातल्या नवरदेवाला अण्णा हात करून सांगत होते, "सायकलवाल्यांनी तिकडं बसायचं, मागल्या अंगाला!"

"बाबा, ते हेल्मेटवालं आपलं हाय!" सुवर्णा आतून ओरडली. नवरीनं एवढ्या मोठ्यानं ओरडायची आमच्याकडे पद्धत नाही, पण ओरडली म्हणून लग्न लागलं! बारा वाजून पाच मिनिटांनी, बरोबर मुहूर्तावर. वऱ्हाड मात्र पंगतीला पोचलं.

संध्याकाळी मी माझी पिशवी भरून अण्णांपुढे उभा राहिलो.

"कुटं निघालास?"

"गावाला. माझ्यामुळं..."

"गप बस. घरच्या मानसानं घोळ घातला तर त्याला घालवत न्हाईत, त्याला नुसत्या शिव्या देत्यात." आणि अर्धा तास, दम न खाता, दिल्या. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

फक्त चुन्याची बादली माझ्याकडून कायमची काढून घेतली. परवा पुतण्याच्या लग्नात अण्णांनी मला थेट तिठ्यावर उभं केलं. "आता तूच बाण. मांडवाकडं हात लांब करून हुबा ऱ्हा. दुसरं काय बी करू नगंस."

मी हात लांब केला. पहिली जीप आली. आत वऱ्हाडातली म्हातारी माणसं, माझ्याकडे बघून हसली. एवढ्या लांबून आपल्या घरच्या कार्याला आलेली माणसं! माझ्यानं राहवेना. मी हात जोडले.

ड्रायव्हरनं जीप थांबवली, माझ्या जोडलेल्या बोटांकडे बघितलं, मग त्यांच्या टोकाच्या दिशेनं वर बघितलं.

"काय राव," तो म्हणाला, "लगीन ढगात हाय व्हय?"