गोळ्यांची साप्ताहिक सुट्टी

बाबांच्या औषधांवर देखरेख माझी होती, आणि तरीही बाबा वाचले.

त्यांचं हृदय थकलंय, पंपिंग नीट होत नाही, असं निदान झालं तेव्हा डॉक्टर मॅडमनी चार गोळ्या लिहून दिल्या. "चारही रोज घ्यायच्या. एक अंगातलं पाणी काढेल, एक ठोके आवरेल, बाकीच्या दोन हृदयावरचा भार हलका करतील. चौघी मिळूनच काम करतात." मी लगेच सात वारांचे सात खण असलेला डबा आणला आणि गोरेगावच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना दाखवून आलो. डबा भरायचं काम बाबांनी मागून घेतलं. (मरोळच्या कारखान्यात जन्मभर कामगारांच्या ड्युट्या लावलेला माणूस, नाही कशाला म्हणायचं?) ऑफिसला निघताना मी त्या दिवसाचा खण उघडून बघायचो. रिकामा! झकास!

"अहो, महिना होत आला, गोळ्या संपत कशा नाहीत?" बायकोने विचारलं.

"नीट प्लॅनिंग केलं की पुरतात," मी म्हणालो. (हे मी खरंच म्हणालो!)

इकडे बाबांचे पाय इतके सुजले की चप्पल चढेना. एक दिवस जिना चढताना ते धापा टाकत मधेच बसले आणि माझं धाबं दणाणलं. तसंच रिक्षात घालून दवाखाना गाठला.

"अ‍ॅडमिट करावं लागेल बहुतेक," मॅडम म्हणाल्या. "गोळ्या चुकत नाहीत ना?"

"छे! मी स्वतः चेक करतो!"

"काका, रोज किती घेता?"

"एक," बाबा म्हणाले.

"एक?" मी आणि मॅडम एकदमच ओरडलो.

"सोमवारी गुलाबी, मंगळवारी पांढरी... सगळ्यांका एकदम कामाक कित्याक लावूचा? आळीपाळीने ड्युटी. रविवारी सुट्टी."

मी रुमाल काढून कपाळावरचा घाम पुसायला लागलो. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "काका, चार माणसांच्या मशीनवर तुम्ही रोज एकच माणूस पाठवला असतात तर?"

"मशीन बंद!" बाबा ताडकन म्हणाले आणि मग हळूच स्वतःच्या छातीकडे बघायला लागले.

त्या दिवसापासून चारही गोळ्या एकत्र कामाला लागल्या. अ‍ॅडमिट करायची वेळ आली नाही, सूज उतरली, आणि एका सकाळी बाबा मासळीबाजारात जाऊन कोळणीशी दणदणीत भांडून आले. इतकं बरं वाटलं मला!

फक्त त्या दिवशी दवाखान्यात माझा चेहरा बघून मॅडमनी माझंही बीपी तपासलं होतं. मला दोन गोळ्या लागल्या. "ह्याच्याकडे मी बघतंय," बाबांनी तिथेच जाहीर केलं.

तेव्हापासून रोज सकाळी, दारात दूधवाला उभा असताना, बँकेत मॅनेजर असलेला मी पन्नाशीचा माणूस गोळ्या गिळून बाबांपुढे तोंडाचा आ वासून उभा राहतो आणि ते म्हणतात, "जीभ वर कर बघू!"