सपाटशेठची पायली

माझ्या भावजींच्या मरणाची बातमी मला त्यांच्या नावाने कळलीच नाही. शाळेला सुट्टी लागली होती आणि मी आक्काकडेच निघालो होतो, भाट्याच्या खाडीवर तरीत बसून. तरीवाला हसन वल्हं मारता मारता कुणाला तरी म्हणाला, "पेठेतले सपाटशेट गेले म्हनतात. सकालीच." त्यावर पलीकडचा एकजण म्हणाला, "मंग सरनावर पन फली फिरवा म्हनावं... वर एक ढलपी जास्ती नको." तरीतली सगळी माणसं हसली. माणूस अजून घरात निजवलेला होता आणि खाडीच्या मध्यावर त्याच्यावरून हशा पिकत होता. मी तोंड फिरवून पाण्याकडे बघत राहिलो. उतरून जायचं म्हटलं तर जायला पाण्याशिवाय जागा नव्हती.

भावजींचं खरं नाव दत्तात्रय. मोठ्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे यजमान म्हणून मला भावजी. रत्नागिरीच्या बाजारात त्यांचं तांदळाचं दुकान होतं, वडिलांपासून चालत आलेलं, आणि माझ्या लहानपणी त्या दुकानात उभं राहायला जागा मिळत नसे. आमच्याकडे तांदूळ तोलून देत नसत, मापून देत. आणि मापून म्हणजे शीग लावून... पायली काठापर्यंत भरली की वर आणखी ओतत जायचं, मंदिराच्या कळसासारखी रास उभी करायची, दाणे कडेने ओघळायला लागले की थांबायचं. ती रास म्हणजे शीग. गावाकडच्या बायका पायलीकडे बघतच नसत, शिगेकडे बघत. भावजींचा हात सढळ. ते ओतायला लागले की गिऱ्हाईकच म्हणे, "पुरे, पुरे." हे लिहिताना मला गंमत वाटते आहे. एके काळी ह्या माणसाला कुणीतरी 'पुरे' म्हणत होतं!

मग वजनमापांचा नवा कायदा आला. बाजारात दवंडी पिटली गेली की जुनी मापं बाद, ह्यापुढे सरकारी शिक्क्याचीच मापं वापरायची आणि ठराविक मुदतीने ती तपासून नवा शिक्का मारून घ्यायचा. इन्स्पेक्टरने सगळ्या दुकानदारांना गोळा करून सांगितलं, माप म्हणजे काठोकाठ, वर नाही, खाली नाही. शिगेला काही अर्थ नाही, कारण ती ज्याच्या त्याच्या हातावर असते. बोलला ते खरंच होतं. घेताना उंच शीग आणि देताना बसकी, हा धंदा बाजारात काय कमी चालत होता? समोरच्या बापूशेठने तर पायलीच्या आत लाकडाची चकती ठोकून बूड वर आणलं आहे, अशी कुजबुज होती. पण बापूशेठ शहाणा. त्याने नवी पायली आणली, दसऱ्याला हळदकुंकू वाहून तिची पूजा केली आणि इन्स्पेक्टरला दिसेल अशी फळीवर मांडून ठेवली. मापायला खालची जुनीच. बाकीच्यांनीही थोड्याफार फरकाने हेच केलं.

भावजींनी कायदा पाळला. आमच्या घराण्यात ह्याहून मोठा मूर्खपणा कुणी केलेला नाही. त्यांनी माझ्याकडून कायद्याचा कागद वाचून घेतला, समजावून घेतला आणि विचारलं, "ह्यात शीग कुठे आहे?"

"कुठेच नाही. पण भावजी, जास्त दिलं म्हणून कुणाला पकडत नाहीत."

"आज जास्त चालतं म्हणशील, उद्या कमी चालेल. माप म्हणजे माप, मास्तर."

सुताराकडून त्यांनी शिसवी लाकडाची एक पट्टी करून आणली, वीतभर रुंद नाही पण सरळ म्हणजे सरळ. पायली भरायची आणि काठावरून ती फळी फिरवायची, की वरचे दाणे परत पोत्यात. शीग गेली म्हणून भावही तेवढाच उतरवला. गिऱ्हाइकाचं एका दाण्याचं नुकसान नव्हतं. पण भाव ऐकायचा असतो आणि शीग डोळ्यांना दिसते. आपल्या समोर, आपल्या मापावरून मूठभर तांदूळ कुणीतरी काढून घेतंय, हे बघणं कुठल्या बाईला सहन होणार? बायका ओच्यात तांदूळ घेऊन पायरी उतरत आणि उतरताना पुटपुटत.

तरीही दुकान चाललं असतं. माणसं कटकट करतात आणि सवयीने येतात. पण एके दिवशी पेठकिल्ल्यातली भागीरथी आली. तिच्या पोरीला दिवस गेले होते, ओटी भरायची होती. त्या दिवशी मी दुकानातच बसलो होतो. भावजींनी पायली भरली आणि फळी उचलली, तशी भागीरथीने हात मधे घातला. "शेट, ओटीचा तांदूळ हाय ह्यो. ह्याच्यावर फली नका फिरवू." आत माजघराच्या दारात आक्का उभी होती, तिनेही नाही नाही अशी मान हलवली. ओटीचा तांदूळ शिगोशीगच द्यायचा, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक. आणि भावजींना ठाऊक नव्हतं असं नाही. ते शांतपणे म्हणाले, "भागीरथी, ओटीसाठी निराळं माप सरकारने दिलेलं नाही." आणि फळी फिरवली... त्या लाकडाचा काठावरून जाताना खर्र आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो.

बाळंतपणात मूल पोटातच गेलं आणि मागोमाग पोरही गेली.

त्यानंतर काय झालं हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. आधी शुभकार्याचा तांदूळ त्यांच्याकडून जाईना, मग रोजचा जाईना. लेकुरवाळ्या बायका रस्ता ओलांडून बापूशेठच्या बाजूने चालू लागल्या. 'सपाटशेठ' हे नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण ते इतकं चिकटलं की पोस्टमनही त्याच नावाने हाक मारी. आक्का रात्रंदिवस विनवायची, "अहो, मूठभर टाकलेत वर तर आभाळ कोसळणार आहे का? एक मूठ टाका हो... मी पाया पडते." ते फळी पुसत राहायचे. मी भांडलो, तर म्हणाले, "आता शीग लावली तर त्याचा अर्थ असा होईल की पोर मी मारली." म्हणजे खरं तर त्यांना शीग लावायची होती, पण भागीरथीची पोर त्यांच्या आणि शिगेच्या मधे येऊन पडली होती.

एकदा इन्स्पेक्टर आला. ओस दुकानातली पायली त्याने उलटीसुलटी करून बघितली, शिक्का बघितला, फळी बघितली आणि तोंड भरून म्हणाला, "असं दुकान साऱ्या जिल्ह्यात नाही, शेठ." भावजी सुखावले. त्यांचा चेहरा तेव्हा नवऱ्या मुलासारखा दिसत होता. मग इन्स्पेक्टर साहेब पायरी उतरून समोर गेले आणि बापूशेठकडून घरचा तांदूळ घेऊन गेले. शिगोशीग! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी ऐकून होतो. इथे संन्याशाला आधी शाबासकीही मिळाली.

तरी दर खेपेला शिक्का मारून घ्यायला भावजी सगळ्यांच्या आधी हजर. पायली धुवट पंच्यात गुंडाळून देवाच्या मूर्तीसारखी छातीशी धरून न्यायची. ज्या मापाने कुणी मापून घेत नव्हतं, त्यावर ताजा शिक्का! ह्या वेळीही अंगात ताप असताना उन्हातून गेले, येऊन आडवे झाले ते उठले नाहीत. आक्का पाणी पाजत होती, तेव्हा तिला विचारलं, "शिक्का नीट उमटलाय ना?" जन्मभर बरोबर राहिलेल्या बाईला विचारायला ह्या माणसाला शेवटी एवढंच सुचलं, ह्याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

तेराव्याला बापूशेठ आला. रीत म्हणून बाजाराकडून तांदूळ द्यायचा होता, तो त्याने आपल्या अंगावर घेतला होता. अंगणात पोतं ठेवून, बरोबर आणलेल्या आपल्या पायलीने, सगळ्यांना दिसेल असा तो शीग लावून लावून मापायला लागला. आक्का आतून आली. हातात भावजींची पायली. "बापूशेठ, तुमची ही एक ह्यात ओता." तो घुटमळला, पण एवढी माणसं बघत होती. त्याने ओतली. त्याची ती डोंगरासारखी शीग सगळीच्या सगळी आत गेली आणि तांदूळ काठाच्या दोन बोटं खाली थांबला.

मला वाटलं, झालं... आता तरी कुणीतरी भावजींचं नाव घेईल. गर्दीत भागीरथी होती. ती पुढे आली, वाकून पायलीत बघितलं आणि म्हणाली, "आसंल कमी. पन शीग लावून दिलान ना." एवढं बोलून ती पानं मांडायला गेली. तिच्या मागून सगळ्या गेल्या. माणसं जेवली आणि दुसऱ्या दिवशीपासून बापूशेठकडे जात राहिली. भागीरथीला मी काय बोलणार? तिची पोर गेली होती, तिला कुठेतरी बोट ठेवायला जागा हवी होती.

दुकान आता बंद आहे. पायली आक्काच्या चुलीजवळ असते, फळी तिच्यावर आडवी. परवा मी जेवायला होतो, तेव्हा ती तांदूळ काढत होती. पायली मोठी, खाणारी आम्ही दोघं, तरी तिने ती काठोकाठ भरली. मग पोत्यात हात घालून एक मूठ घेतली आणि वर टाकली. जी मूठ ती इतकी वर्षं त्यांच्याकडे मागत होती, ती. छोटीशी रास झाली. आक्का तिच्याकडे बघत राहिली. मग तिने फळी उचलली, काठावरून फिरवली आणि ओघळलेले दाणे वेचून परत पोत्यात टाकले.