बोया खरं सांगत होता

ऑफिसात सगळे त्यांना बोयाकाका म्हणत. भर समुद्रात नांगरलेल्या पिवळ्या, तरंगत्या बोयाची देखभाल करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. बोयावर वारा मोजणारं यंत्र, खाली लांब साखळीला ओळीनं अडकवलेले तापमापक. एकाच व्यक्तीचे ते काका नव्हते, मामा होते. त्यांची सख्खी भाची वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवर समुद्राचं मॉडेल चालवायची.

एका सोमवारी ती खाली आली ती तक्रार घेऊनच. वारा समुद्राचं वरचं पाणी ढवळतो, आणि तेवढ्या थराचं तापमान एकसारखं होतं. तिच्या मॉडेलमध्ये हा थर पंधरा मीटर जाडीचा, तर बोया म्हणत होता चाळीस. बोयाच बिघडला असणार, असं तिचं म्हणणं.

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी ते बोट घेऊन गेले, बोयाशेजारी वेगळा तापमापक दोरीनं सोडला आणि दर पाच मीटरला आकडा लिहून घेतला. चाळीस मीटरपर्यंत पाणी एकसारखं, त्याखाली एकदम गार. परतताना ते इतक्या बेसूर आवाजात गात होते, की बोटवाल्यानं हात जोडले.

भाचीनं तो कागद दोनदा वाचला. मग मामांनी विचारलं, मॉडेलला वारा कसला देतेस? दिवसाची सरासरी, ती म्हणाली.

"अगं, वारा काय सरासरीनं वाहतो? दिवसभर लोळतो आणि दोन तास पिसाळल्यासारखा सुटतो. समुद्र ढवळला जातो तो त्या दोन तासांत."

वारा दुप्पट झाला की ढवळण्याची ताकद आठपट होते, हे तिला तोंडपाठ होतं. सरासरी काढताना ती ताकदच आपण पुसून टाकली, हे मात्र ध्यानात आलं नव्हतं. आता दर तासाचा वारा आणायचा कुठून? तो बोयाच तर मोजत होता. काखेत कळसा!

गुरुवारी ती दोन-दोन पायऱ्या उतरत आली. "अडतीस मीटर, मामा."

"उरलेले दोन कुठे सांडलेस?" म्हणून ते हसले, आणि चष्मा पुसत बसले.

पुढच्या वर्षी शोधनिबंध छापून आला, भाचीच्या नावाखाली मामांचं नाव. त्यांच्या बहिणीनं तो शेजारपाजारच्या सगळ्यांना दाखवला. प्रत्येकाला ती न चुकता सांगायची, "हा माझा भाऊ. गणितात तीनदा नापास झालेला."