अंगठ्याएवढी उघडी जागा

महायुद्ध संपलं, मी लष्कराच्या वर्कशॉपातून सुटलो आणि श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावी एका बागायतदाराच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागलो. ट्रक लष्करी लिलावातला, माझ्याइतकाच युद्ध करून आलेला. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, आणि मीही मास्तर व्हावं ही त्यांची इच्छा. "दसऱ्यापर्यंत तुझं हे लोखंडाचं खूळ बघतो," ते म्हणाले, "नाही जमलं तर मुकाट्यानं ट्रेनिंग कॉलेजात जायचं." चार पोरं एका जागी बसवण्यापेक्षा चार चाकं पळवणं मला सोपं वाटत होतं. मी लगेच हो म्हणालो.

दसऱ्याला मालक ट्रकमधून सीमोल्लंघनाला निघणार, हे गावभर झालं होतं. मी हौसेनं बॅटरी काढून ठेवली आणि ट्रकला हिरवा ऑइलपेंट दिला. दिसेल तिथं आणि दिसणार नाही तिथंही. वाळल्यावर बॅटरी परत बसवली. नवमीला माझे पान्हे, हातोडी, सगळं विळ्या-कुऱ्हाडींबरोबर पाटावर पूजेला गेलं. पूजेतलं हत्यार सीमोल्लंघन होईपर्यंत उचलायचं नाही, ही मालकांच्या घरची रीत.

दसऱ्याच्या दुपारी सारं गाव जमलं. मालक फेटा बांधून माझ्या शेजारी बसले. मी स्विच फिरवला, स्टार्टर दाबला. काहीच नाही. दिवे नाहीत, हॉर्न नाही. हँडल मारून मारून खांदे निखळायची वेळ आली. पण ठिणगीच नसल्यावर इंजिन कशाला ऐकतंय! "बैलं जुपा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि लोक खो खो हसले. वडील छत्री टेकून उभे होते. ते मात्र हसले नाहीत, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

"डायवर, अर्ध्या तासात गाडी हलली न्हाई, तर खरंच बैलं जुपतो," मालक म्हणाले, "आन् वढत नेऊन काष्टीच्या बैलबाजारात इकतो."

मागच्या दिव्याचा बल्ब हातानंच निघाला. त्याला तारेचे दोन तुकडे बांधून बॅटरीच्या दोन टोकांना टेकवले. लख्ख पेटला! म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग एक तार बॅटरीच्या वीज देणाऱ्या टोकालाच ठेवून दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली. अंधार. बॅटरीतून निघालेली वीज ट्रकच्या सांगाड्यातून परत बॅटरीकडे येते. त्यासाठी एक जाड पट्टी सांगाड्याला बोल्टनं आवळलेली असते. ही परतीची वाटच बंद होती. मी वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पट्टी मी माझ्याच हिरव्यागार रंगावर आवळली होती. रंगातून वीज जात नाही, हे लष्करात मी दुसऱ्यांना शिकवलं होतं.

बोल्ट सोडवायला पान्हा हवा, आणि पान्हा पाटावर.

"सीमोल्लंगनाआदी हत्यार उचलायचं न्हाई," मालक म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. हत्याराशिवाय सीमोल्लंघन होत नाही, सीमोल्लंघनाशिवाय हत्यार मिळत नाही!

मालकीणबाई घरात गेल्या आणि हळदीकुंकवासकट पान्हा आणि विळा घेऊन आल्या. "घ्या, दादा," त्या म्हणाल्या. "हत्यार कामाला लागलं तर देव कशाला रागवंल?"

मी बोल्ट सोडला, विळ्याच्या टोकानं अंगठ्याएवढी जागा खरवडून चकचकीत केली आणि पट्टी पुन्हा आवळली. वर मालक वैतागून हॉर्नचं बटण दाबतच होते. असा भोंगा वाजला की जुंपायला आणलेले बैल दावं तोडून पळाले! स्टार्टर दाबला, इंजिन गरजलं. मला तर नाचावंसं वाटत होतं. अर्धं गाव मागं चढलं आणि आम्ही थाटात शीव ओलांडली.

मालकांनी आपट्याचं पहिलं पान माझ्या हातावर ठेवलं. माझ्यानं राहवेना. "मालक, चूक माझीच. रंग मीच दिलेला," मी म्हणालो.

"म्हायतीय. दुसरं कोन रंगवनार?" ते हसले. "फुडच्या साली तेवडी जागा सोड."

पुढं दर दसऱ्याला मालकीणबाई त्या उघड्या जागेपाशी आठवणीनं कुंकू लावायच्या.

त्या पहिल्या दसऱ्याच्या संध्याकाळी मी वडिलांबरोबर घरी आलो. ट्रेनिंग कॉलेजचा विषय निघणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. दाराशी त्यांनी छत्री टेकवून ठेवली आणि म्हणाले, "सुट्टी संपली की शाळेत ये एकदा. तो बल्ब आण. मुलांना दाखव, मलाही नीट कळलं नाही."